समुद्रकाठचं पीट कसं तयार झालं, आणि त्यातून जुना काळ कसा कळतो?
आमच्या रावेर-यावलकडे केळीची टिश्यूकल्चर रोपं कोकोपीटमध्ये येतात, म्हणून 'पीट' शब्द ओळखीचा. पण तो नारळाच्या काथ्याचा भुसा. खरं पीट वेगळं. केळीचा खांब शेतात पडला तर काही महिन्यांत माती होतो. झाडपाला साचल्या पाण्यात बुडाला, हवा मिळाली नाही, की अर्धवट कुजून तसाच राहतो. हजारो वर्षं थरावर थर साचले की पीट.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. बर्फ वितळून पाणी चढलं आणि साधारण ७,००० वर्षांपूर्वी चढ मंदावला. मग गाळाच्या सपाट किनाऱ्यावर आधी खारफुटी आली, तिच्यामागे गोड्या पाण्याची दलदल. सुमात्रा-बोर्निओची बरीच किनारी पीटं अशीच वाढली. केरळात कुट्टनाडच्या काळ्या 'करी' जमिनीत खणताना आजही जुने ओंडके निघतात.

मला सगळ्यात भारी वाटतात ते पीटच्या थरांत अडकलेले परागकण. त्यांचं कवच इतकं चिवट की हजारो वर्षांनीही सूक्ष्मदर्शकाखाली झाड ओळखता येतं. तळाशी खारफुटीचे पराग, वर गोड्या पाण्यातल्या झाडांचे, म्हणजे समुद्र तिथून हटला. कोळशाचे कण जुन्या आगी सांगतात, आणि रेडिओकार्बन, म्हणजे काळानुसार घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन किती उरला ते मोजलं, की थराचं वय कळतं.

आपली काळी कापसाची जमीन मात्र पीट नव्हे. ती बेसाल्टच्या झिजेची. सेंद्रिय कर्ब तिच्यात फारच कमी.