पात्र आणि अपात्र

प्रिय दोस्ता,

तुझ्या कादंबरीची पाचही प्रकरणं काल एका बैठकीत वाचली. भाषा आहे तुझ्याकडे, त्याची काळजी नाही. पण पहिली बारा पानं नुसता नाला, माश्या, चिखल आणि वास, हे कोण बघतंय सांग मला? तुझा नायक तिथेच जन्मला, त्याला तो वास येतच नसणार रे, वास येतो तो पुलावरून टॅक्सीने जाणाऱ्याला. तू पुलावर उभा राहून लिहितोयस. खाली उतर.

गरिबी म्हणजे डोक्यात दिवसभर चालू असलेला हिशोब. नळाला थांबलं तर कामाला लेट, लेट झालं की खाडा, खाडा पडला की भिशीचा हप्ता चुकतो, आणि मग ज्या बाईकडे भिशी आहे तिच्या दारावरून जायचं नाही म्हणून लांबच्या गल्लीने वळसा. हा वळसा लिही, चिखल आपोआप येईल त्यात.

दुसरं, ओळखीचं. तुझा नायक माळ्यावर बसून 'मी कोण' असा विचार करतो. अरे, मुंबईत झोपडीतल्या माणसाला हा प्रश्न सरकार विचारतं, तेही पुराव्यासकट! 1976 ला झोपड्यांची गणना झाली, फोटोपास मिळाले, म्हणजे झोपडीवाल्याचा फोटो लावलेले ओळखपत्र, पुढे 1 जानेवारी 1995 ची तारीख आली, तोवर तिथे राहत असल्याचा पुरावा असेल तरच पुनर्वसनात घर, मग 1 जानेवारी 2000. म्हणजे एका भिंतीला भिंत लागून राहणारे दोघं, एकाचा कागद तारखेच्या आधीचा, दुसऱ्याचा नंतरचा, आणि यादी लागली की एक 'पात्र', दुसरा 'अपात्र'. हेच शब्द असतात यादीत. कादंबरी लिहिणाऱ्याला अजून काय पाहिजे, शहर स्वतःच ठरवतंय कोण पात्र ते!

एका मावशींनी मला त्यांची पिशवी दाखवली होती. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, वर कापडी पिशवी, वर रबर. रेशनकार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, मतदार यादीत तिसरंच स्पेलिंग, आणि लाइट बिल मेलेल्या सासऱ्यांच्या नावावर. पावसाचं पाणी घरात भरायला लागलं की पोरांच्या आधी ती पिशवी माळ्यावर जाते, हे त्या शरमेने सांगत होत्या, आणि मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

तुझ्या चौथ्या प्रकरणात सर्वेवाले दारावर नंबर टाकून जातात ते तू चार ओळीत उरकलंयस. तिथेच थांब. नायकाच्या आईला पिशवी उघडू दे, एकेक कागद बाहेर काढू दे, आणि कुठल्या नावाला ती 'हो, मीच' म्हणते ते बघ. पहिली बारा पानं काढून टाक, वाईट वाटेल, पण काढ. हे प्रकरण झालं की आधी तेवढंच पाठव, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई