तिसरं सिझर आहे? आधी जुन्या ऑपरेशनच्या नोट्स मिळवा

ताई, दोन सिझर झालेत, आता तिसऱ्या वेळचा बारावा आठवडा, आणि माहेरी काटोलला बाळंतपण केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. खाणंपिणं, गोळ्या हे तुमच्या मॅडम सांगतीलच.

जुन्या दोन्ही ऑपरेशनच्या नोट्स आजच मागा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'सिझर' लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. पोटावरचा व्रण आडवा असला तरी आत गर्भाशयाला उभी चीर दिलेली असू शकते, आणि असा उभा व्रण कळा सुरू होण्याआधीही फाटू शकतो. चीर बाजूला फाटली होती का, मूत्राशय चिकटलं होतं का, रक्त किती गेलं, हे त्या नोट्समध्येच असतं. आम्ही तिथेच चुकलो. उशिरा गेलो, तर रेकॉर्ड रूमवाल्यानं "जुनं सगळं रद्दीत गेलं" म्हणून हात वर केले. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचा नियम आहे, पण जपून ठेवायचं बंधन ३ वर्षांचंच. पेशंटला न विचारता ते फेकतात याचा मला आजही राग येतो.

मग वार, म्हणजे प्लॅसेंटा. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत ती खाली, जुन्या टाक्यांवर आहे का, हे तोंडानं विचारा. व्रणाच्या जागी आतलं अस्तर नीट नसतं, म्हणून वार स्नायूत रुतते, सुटत नाही आणि रक्त थांबत नाही. दोन सिझरनंतर वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर रुतण्याची शक्यता १०० त सुमारे ४०. वर असेल तर १ हूनही कमी. रुतली असेल तर बहुतेकदा गर्भाशयच काढावं लागतं, आणि ऑपरेशन ३४ ते ३६ आठवड्यांतच ठरतं. तेव्हा काटोलचा विचार सोडा. रक्तपेढी, आयसीयू आणि नवजात बाळांचा कक्ष एकाच आवारात हवा. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, आधीच नाव नोंदवा.

वार नीट असेल तर ३९ आठवडे भरू द्या. मुहूर्तासाठी ३७ व्या आठवड्यात काढलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी लवकर निघत नाही, त्याला धाप लागते.

हिमोग्लोबिन ११ च्या वर ठेवा. नसबंदी करायची असेल तर घरी आत्ताच बोलून घ्या, टेबलावर कुणी सही मागू नये. आणि अंगावरून लाल गेलं, तर दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. तोंडावरच्या वारेचं रक्त न दुखताच जातं.