ग्लिकल वाचायची, पण सत्र बुडू न देता

प्रश्न: मी बी.ए. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सत्राच्या प्रकल्पासाठी सतराव्या शतकातल्या जर्मनीतल्या ज्यू व्यापारी स्त्रीच्या, हामेल्नच्या ग्लिकलच्या आठवणी निवडल्या. 3000 शब्द, मुदत 8 आठवडे. पहिल्या भागातच अडकले आहे, शिवाय बाकीचे पेपर आहेतच. घरचे विचारतात, याचा नोकरीला उपयोग काय? विषय बदलू का?

उत्तर: विषय बदलू नका. तुम्ही अडकलात ती जागाच अवघड आहे. ग्लिकलच्या आठवणी सात भागांत आहेत आणि पहिल्यात मुख्यतः उपदेश आणि बोधकथा. तो सध्या सोडा. दुसऱ्या भागापासून वाचा: हॅम्बुर्ग आणि शेजारचं आल्टोना इथलं बालपण, बाराव्या वर्षी ठरलेलं लग्न, चौदाव्या वर्षी सुरू झालेला संसार. पहिला भाग शेवटी घ्या. पिलांना समुद्रापार नेणाऱ्या पक्ष्याची गोष्ट तिने सुरुवातीलाच का घातली, हे या चौदा बाळंतपणं झालेल्या आईची पुढची हकिगत कळल्यावरच उमगतं.

हातात कोणती आवृत्ती आहे तेही बघा. 1932 चं इंग्रजी भाषांतर संक्षिप्त आहे, त्यात काही बोधकथा गाळल्या आहेत. ते भराभर वाचायला ठीक. प्रकल्पात उद्धृत करायला मात्र खावा टुर्न्यान्स्की यांनी संपादित केलेली 2019 ची सटीप इंग्रजी आवृत्ती वापरा. ती ग्रंथालयात नसेल तर विभागामार्फत आजच मागणी नोंदवा.

मूळ मजकूर 300 पानांचा धरला, तर रोज 12 पानं, आठवड्यातले 5 दिवस, म्हणजे 5 आठवडे. सहाव्या आठवड्यात एकच भाग पुन्हा, बारकाईने. उरलेले दोन लेखनाला. अंतर्गत परीक्षेच्या दिवसांत वाचन बंदच ठेवा. त्यात लेखनाचा एक आठवडा गेला तरी चालेल, पण तेव्हा नोंदी तयार हव्यात.

नोंदींचं महत्त्व इथे फार आहे. वहीत दोन रकाने करा: घटना कधी घडली आणि ती कधी लिहिली. पती खाइम 1689 मध्ये वारला, तिने 1691 च्या सुमारास लिहायला घेतलं. दुसऱ्या पतीचं दिवाळं 1702 मध्ये वाजलं, तो 1712 मध्ये वारला आणि सातवा भाग तिने 1715 मध्ये लिहिला. शेवटची नोंद 1719 ची आहे. हॅम्बुर्गचे भरभराटीचे दिवस ती वैधव्यातून पाहते. हे निसटलं की तिचं प्रत्येक वाक्य त्याच दिवशीच्या रोजनिशीसारखं वाचलं जातं आणि निष्कर्ष फसतात. साल हिब्रू असेल तर त्यातून 3760 वजा करा. नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागतं, म्हणून त्याचे पहिले साधारण तीन महिने इसवी सनाच्या आदल्या वर्षात पडतात. नातेवाइकांची नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच येतात, तेव्हा वंशवृक्ष पहिल्याच दिवशी काढा. लग्नांत दिलेल्या हुंड्याचे आकडे राइक्सटालर या तेव्हाच्या जर्मन चांदीच्या नाण्यातच ठेवा. त्यांची आजच्या रुपयांत किंमत सांगण्याच्या फंदात पडू नका, आकड्यांची तुलना पुस्तकातल्याच इतर रकमांशी करा.

सगळं पुस्तक 3000 शब्दांत मावणार नाही. प्रश्न एकच घ्या. उदाहरणार्थ, वैधव्यानंतर तिने धंदा कसा चालवला: मोत्यांचा व्यापार, हॅम्बुर्गमधला मोज्यांचा कारखाना, जत्रांतली खरेदी-विक्री. आपल्या संत बहिणाबाई साधारण तिच्याच काळातल्या. त्यांचं आत्मनिवेदन मराठी अभंगांत आहे आणि त्यांनी पूर्वजन्मांची हकिगत मुलाला सांगितली. ग्लिकलही विद्वानांच्या हिब्रूऐवजी घरच्या यिडिशमध्ये (ज्यूंची जर्मनला जवळची भाषा), मुलांसाठी लिहिते. हा धागा मोलाचा आहे, पण या प्रकल्पात त्याला शेवटचा एक परिच्छेद द्या. दोघींवर एम.ए.चा प्रबंध होईल.

आता घरच्यांचा प्रश्न. हे पुस्तक वाचलं म्हणून थेट नोकरी मिळणार नाही, त्यांना तसंच सांगा. पण परदेशातली बरीच विद्यापीठं एम.ए.च्या अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, आणि एका मूळ साधनावर नीट लिहिलेला निबंध तिथे प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा जास्त बोलतो. अभिलेखागार, संग्रहालय, संपादन, भाषांतर या कामांतही हीच सवय लागते. या विषयात पुढे जायचं असेल तर भाषा लागेल. सहावं सत्र संपल्यावर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनची पहिली पातळी करा. जर्मन आली की यिडिशची वाट बरीच सोपी होते, आणि बेर्टा पापेनहाइम यांचं 1910 चं जर्मन भाषांतरही वाचता येईल. या सत्रात मात्र नवी भाषा सुरू करू नका.

या आठवड्यात प्रश्न दोन ओळींत लिहून मार्गदर्शक प्राध्यापकांकडून मंजूर करून घ्या, आणि दुसऱ्या भागाचं वाचन त्याच दिवशी सुरू करा.