दट्ट्या दाबला की रंग गडद होतो की फिका?

प्रश्न : नायट्रोजन डायऑक्साइड भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या दाबला की रंग फिका होतो, असं गाइडमध्ये दिलं आहे. व्हिडिओत मात्र तो गडद झालेला दिसतो. खरं काय?
– अकरावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : सिरिंजकडे कुठून बघता, यावर ते ठरतं.

आत दोन वायू असतात : तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. रंगहीन वायूचा एक रेणू फुटला की तपकिरीचे दोन होतात. तपकिरी वायूच्या दाबाच्या वर्गाला रंगहीनाच्या दाबाने भागलं की २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.१५ येतात (दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये). हा समतोल स्थिरांक : फुटणं आणि जोडणं सारख्याच वेगाने चालू असलं (म्हणजे समतोल) की, तापमान तेच असेपर्यंत, हा आकडा तोच राहतो. एकूण दाब १ असेल तर तपकिरीचा ०.३२ आणि रंगहीनाचा ०.६८.

आकारमान झटक्यात निम्मं करा. दोन्ही दाब दुप्पट होतात, ०.६४ आणि १.३६. आता तोच भागाकार ०.३० येतो, म्हणजे स्थिरांकाच्या दुप्पट. तो पुन्हा ०.१५ वर यायचा तर तपकिरी रेणू जोडीजोडीने एकत्र आलेच पाहिजेत. शेवटी तपकिरीचा दाब ०.४७ वर आणि रंगहीनाचा १.४५ वर थांबतो. हे आकडे स्वतः काढून बघा; 'समतोल कमी मोलांच्या (म्हणजे कमी रेणूंच्या) बाजूला सरकतो' हे वाक्य पाठ करण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

बाजूने बघितलं तर रंग संहतीवर (तेवढ्याच जागेत किती तपकिरी रेणू, यावर) ठरतो : ०.३२, मग ०.६४, मग ०.४७. आधी एकदम गडद, नंतर थोडा उतरलेला, तरी सुरुवातीपेक्षा गडदच. टोकाकडून, नळीच्या लांबीच्या दिशेने बघितलं तर वायूचा थर निम्मा झालेला असतो, त्यामुळे तपकिरी रेणूंची एकूण संख्या मोजली जाते. ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते आणि रंग फिका दिसतो. परीक्षेत बघण्याची दिशा लिहाच.

आणखी एक गोष्ट बहुतेक पुस्तकांत सुटते. ही अभिक्रिया डोळ्याला टिपता येणार नाही इतकी जलद आहे. दाबल्यानंतर सेकंद-दोन सेकंद रंग उतरताना दिसतो, तो मुख्यतः वायू थंड होत असल्यामुळे. दाबल्याने वायू तापतो, रेणू जोडले जातानाही उष्णता बाहेर पडते, आणि तापमान वाढलं की स्थिरांकच वाढतो. म्हणून तुलना करायची ती मिनिटभर थांबून.

हा वायू विषारी आहे. फुफ्फुसांवरचा परिणाम काही तासांनीही उमटू शकतो. प्रयोग शिक्षकांनीच, फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या बंदिस्त कपाटात), तोंड बंद केलेल्या काचेच्या सिरिंजने करावा. रबरी दट्ट्या नको, हा वायू रबर खातो.

प्रश्न : समतोलात असलेल्या वायूंमध्ये आर्गॉन हा अभिक्रिया न करणारा वायू सोडला तरी दाब वाढतोच. मग समतोल का सरकत नाही?

उत्तर : आकारमान तेच असेल तर प्रत्येक अभिक्रियाशील वायूचा स्वतःचा दाब तेवढाच राहतो, त्यामुळे भागाकारही बदलत नाही. पण एकूण दाब कायम ठेवून आर्गॉन सोडला तर आकारमान वाढतं आणि समतोल जास्त मोलांकडे सरकतो. अमोनियाच्या कारखान्यात हीच अडचण येते. हवेतून नायट्रोजनसोबत आलेला आर्गॉन पुन्हा पुन्हा फिरवल्या जाणाऱ्या वायूत साठत जातो, नायट्रोजन व हायड्रोजनचे दाब घटतात आणि अमोनिया कमी बनतो. त्यामुळे त्या वायूचा थोडा भाग सतत बाहेर काढावा लागतो.