प्रोस्टेटमुळे लघवी अडते आणि बीपीही आहे. डॉक्साझोसिन या एकाच गोळीवर दोन्ही भागेल का?

लघवीसाठी ती उपयोगी आहे, पण बीपीसाठी एकट्या डॉक्साझोसिनवर विसंबू नका. ही अल्फा ब्लॉकर गोळी रक्तवाहिन्यांबरोबरच प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायूही सैल करते, म्हणून धार सुधारते. मात्र 'ऑलहॅट' या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या गोळीच्या तुलनेत डॉक्साझोसिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर सुमारे दुप्पट आढळलं आणि २००० साली तो गट थांबवावा लागला. बीपीची मुख्य गोळी वेगळीच हवी. साधी (हळूहळू औषध सोडणारी नव्हे) डॉक्साझोसिन रात्री झोपताना १ मिग्रॅपासून सुरू करतात, कारण पहिल्या डोसनंतर उठताना बीपी एकदम उतरून माणूस पडू शकतो. काही दिवस खंड पडला तर थेट जुन्या डोसवर परतू नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा कमीपासून सुरुवात करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा.

एक मर्यादा लक्षात घ्या: अडथळा जुना असेल तर जोर लावून लावून मूत्राशयाची भिंत जाड आणि कडक होते, घाईची लघवी बऱ्याचदा त्यातूनच येते. गोळी वाट मोकळी करते, भिंत पूर्ववत करेलच असं नाही. म्हणून लघवी करून झाल्यावर आत किती उरते हे सोनोग्राफीत मोजून घ्या, किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिनही तपासा. उरलेली लघवी वाढत असेल किंवा किडनीला सूज दिसली तर युरॉलॉजिस्टकडे लगेच जा.