नैरोबीला यायचंय? आधी मुलीच्या शाळेचं बघा

तुम्ही विचारलंय: सोलापुरात शेअर ब्रोकरकडे आठ वर्षं झाली, नैरोबीची ऑफर आहे, बायको आणि पाचवीतली मुलगी सोबत येणार, आफ्रिकेचं मार्केट कसं आहे? रात्री वाचलं आणि झोप उडाली. मीही सोलापूरच्या नवी पेठेतूनच आलो ओ, २०१४ साली. परमिट, लस वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडतो.

‘आफ्रिकेचं मार्केट’ असं काही नसतं. जोहान्सबर्गचं स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजार, १८८७ पासूनचं, सोन्याच्या खाणींवर उभं राहिलेलं, ते वेगळंच जग. पश्चिमेकडच्या आठ देशांचं मिळून एकच एक्स्चेंज आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला, १९९८ पासून. चलन एक, म्हणून जमतं. बाकी ज्याचं त्याचं चलन. २०२२ च्या अखेरीस सात एक्स्चेंज एकमेकांना जोडली, त्यामुळे इथे बसून नायजेरियातल्या लागोसचा शेअर मागता येतो. पण २०२३ मध्ये तिथलं चलन, नायरा, असं घसरलं की शेअर वर जाऊनसुद्धा बाहेरच्यांचे डॉलर कमीच झाले.

नैरोबीत कंपन्या साठेक. एकटी सफारीकॉम, ही मोबाइल कंपनी, हलली की इंडेक्स हलतो. पेन्शन फंड शेअर घेतात आणि धरून बसतात. पहिल्या महिन्यात स्क्रीन हँग झाली समजून मी आयटीवाल्याला बोलावलं. त्यानं बघितलं, म्हणाला, चालू आहे, कुणी सौदाच करत नाहीये. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सेटलमेंट होते, म्हणजे सौद्याचे शेअर आणि पैसे हातात पडतात, इथे तीन दिवस. इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायचा, हात इथे उपयोगाचा नाही; सरकारी बाँड, म्हणजे सरकारचे व्याज देणारे कर्जरोखे, शिकून या. खरी उलाढाल तिथे आहे. २०१७ मध्ये सरकारनं ३,००० शिलिंगांपासून मोबाइलवर बाँड विकले, तेव्हा आमचा वॉचमन मला व्याजाचा हिशोब समजावत होता.

कागदांचं एकच सांगतो. माझ्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत ‘शोलापूर’, पासपोर्टवर ‘सोलापूर’. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही दोन गावांत जन्मलात का? त्या एका ‘एच’पायी सात आठवडे, तीन प्रतिज्ञापत्रं. तुमचं आत्ताच तपासा.

आता शाळा. इथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं. माझा मुलगा पाचवी पास होऊन जूनमध्ये आला. शाळेनं पेपर घेतला नाही, दहा मिनिटं त्याचं इंग्रजी ऐकलं आणि परत पाचवीत बसवलं. वर स्वाहिली. गणितात पहिला येणारा पोरगा, वर्गात उंचीनं वेगळा दिसायचा. मी म्हणालो, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. तो आता एकवीस वर्षांचा आहे, अजूनही विषय निघाला की उठून खोलीत जातो. कुठल्या वर्गात घेणार ते शाळेकडून लेखी घ्या. तोंडी काही धरू नका.

एकटेपणाचं विचारलंत. होतो. रविवारी जास्त. इथे ज्वारीला म्तामा म्हणतात, पीठ दुकानात मिळतं, भाकरी होते; कडक भाकरी मात्र आमच्या हिला अजून जमलेली नाही. बस.

आणि एक, जे मी घरात कधी बोललो नाही. कंपनी जानेवारीपर्यंत थांबायला तयार होती. घाई मला होती. सासऱ्यांकडून घेतलेले पैसे ऑप्शनच्या सट्ट्यात गेले होते आणि नवी पेठेत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. पोराचं वर्ष मी तिथे भरलं. तुम्हाला कसली घाई आहे, मला माहीत नाही.

पहिल्या जानेवारीत त्याची शाळा उघडली आणि आठवड्याभरात तिकडे सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला. आईनं फोन नंदीध्वजांच्या मिरवणुकीकडे धरला होता. युनिफॉर्ममध्येच त्यानं तो पाच मिनिटं कानाला लावला, मग मला परत दिला आणि इंग्रजीत म्हणाला, आवाज नीट येत नाहीये.