रात्रीचा मोबाइल ओसरीत ठेव

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

रोज मोबाइल लागतोच, म्हणजे व्यसन जडलं का, असं तू विचारलंस. नुसत्या रोजच्या वापरावरून मी तसं म्हणणार नाही. ई-पीक पाहणीत पऱ्हाटीची नोंद तू करतोस, बाजार समितीतला सोयाबीनचा भाव बघतोस, भरतीचे जुने पेपर सोडवतोस. शेजारच्या म्हाताऱ्यांचे फॉर्मही तूच भरून देतोस. हे सगळं चांगलंच आहे. लाइन रात्रीची असली की हरभऱ्याच्या ओलिताला एकटा जातोस, तिथे मोटारीजवळ बसून गाणी ऐकलीस तर त्यातही मला काही वावगं वाटत नाही.

काळजी वेगळीच आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटर धावण्याचे. पहाटे गावातली पोरं रस्त्यावर धावतात, त्यांच्यात तू हल्ली दिसत नाहीस. मध्यरात्र उलटेपर्यंत रील चालू असतात, असं तुझी आई सांगत होती. तिच्यावर चिडू नकोस, जीव तुटतो म्हणून बोलली ती.

जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं नवं वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. त्यात व्हिडिओ गेम खेळण्याच्या विकाराला जागा आहे. सरसकट इंटरनेट वापराला नाही. त्या विकाराच्या खुणा मात्र तुलाही उपयोगी पडतील. आवर घालता न येणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. तासांचा आकडा त्यात कुठेच नाही. तुझं धावणं मागे पडलं आहे, म्हणून आत्ताच सावध हो. स्वतःला आजारी मात्र ठरवू नकोस.

मन कमकुवत आहे असंही समजू नकोस. रीलना शेवटच ठेवलेला नाही, आणि पुढची कशी निघेल याचा नेम नसतो. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर-कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसला, तर प्राणी कळ दाबणं लवकर सोडत नाही. चांगली-चांगली माणसं इथेच अडकतात.

तेव्हा रात्री मोबाइल ओसरीतल्या बोर्डावर लावून ठेव, खाटेजवळ नको. उठायला गजराचं घड्याळ घे. रीलच्या सूचना बंद कर. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोपही लवकर लागणार नाही. एखाद्या रात्री हात गेलाच, तर दुसऱ्या रात्री पुन्हा ओसरीतच ठेव. एवढं करूनही जमलं नाही, मन उदास राहू लागलं, तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. पैसे लागत नाहीत, त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

सोमवारपासून पहाटे रस्त्यावर ये. घड्याळ लावून १६०० मीटर धाव आणि किती वेळ लागला ते मला कळव.

तुझा,
काका